सत्तरी ओलांडलेल्यांचे आयुष्मान कार्ड : उत्पन्नाची अट गेली, आता कागद आणि अंतर

केंद्र शासनाच्या आयुष्मान भारत योजनेत सत्तर वर्षे व त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, मग त्यांचे उत्पन्न कितीही असो, सामावून घेण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ११ सप्टेंबर २०२४ रोजी घेतला आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. या ज्येष्ठांना दिल्या जाणाऱ्या कार्डाला ‘आयुष्मान वय वंदना कार्ड’ असे नाव आहे. असे असूनही भद्रावती व आसपासच्या धर्मग्रामांतील वयोवृद्ध मंडळी रविवारच्या मिस्सानंतर वरचेवर विचारतात, ‘फादर, आमचे रेशनकार्ड पांढरे आहे, आम्हाला हे लागू होते का?’ होते. रेशनकार्डाच्या रंगाचा या कार्डाशी काहीही संबंध नाही. परंतु हा प्रश्न लोकांच्या मनात इतका घट्ट का बसला आहे, हे समजून घेतल्याशिवाय नव्या सवलतीचे नेमके स्वरूपही नीट उमगत नाही. म्हणून थोडे मागे जाणे भाग आहे.

महाराष्ट्रात मोठ्या आजारांसाठी शासकीय साहाय्य ही गोष्ट नवी नाही. १९९७ साली जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली ती केवळ दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत आपला गडचिरोली जिल्हा होता, चंद्रपूर नव्हता. चंद्रपूरसह उरलेला महाराष्ट्र २१ नोव्हेंबर २०१३ रोजी तिच्या कक्षेत आला. १ एप्रिल २०१७ पासून हीच योजना महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाऊ लागली. दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार, मूत्रपिंड प्रत्यारोपणास अडीच लाख, आणि पात्रतेचा पुरावा म्हणजे पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड.

हा रंगांचा हिशेब १९९९ सालचा. वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळे, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरे. धान्य कोणास द्यावे हे ठरविण्यासाठी आखलेली ही रेषा पुढे हृदयशस्त्रक्रिया कोणाची व्हावी हेही ठरवू लागली. १९९९ साली एक लाख रुपये ही मध्यमवर्गीय कुटुंबाची मिळकत होती. वीस वर्षांनी खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात तेवढी रक्कम आठवडाभरही पुरत नसे. खाजगी शाळेतील निवृत्त लिपिक, छोटा दुकानदार, चार-पाच एकरांचा शेतकरी हे सारे कागदोपत्री संपन्न ठरले आणि आजारपणात कर्जबाजारी झाले.

आपल्या भागात तर ही विसंगती नदीच्या पात्राएवढी स्पष्ट होती. राज्य शासनाने पुढे चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील पांढरे रेशनकार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही योजनेत घेतले. मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि विदर्भाचे सहा : अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ व वर्धा. चंद्रपूर आणि गडचिरोली त्या यादीत नव्हते. वर्धा नदीच्या पलीकडे वणी तालुका यवतमाळ जिल्ह्यात; तेथील पांढऱ्या कार्डाचा शेतकरी पात्र. अलीकडे भद्रावती तालुका. तीच काळी माती, तोच कापूस आणि सोयाबीन, तोच बेभरवशाचा पाऊस, पण अलीकडचा शेतकरी अपात्र. दोन्ही काठांवर सोयरीक असलेली कुटुंबे आहेत. एकाच घरच्या दोन भावांपैकी एकाची अँजिओप्लास्टी शासनाच्या खर्चाने आणि दुसऱ्याची शेत गहाण ठेवून, असे प्रसंग या नियमातून अटळपणे उद्भवत होते. लोकांच्या मनात रेशनकार्डाचा रंग का रुतून बसला, याचे उत्तर येथे आहे.

केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिने रंग पाहिला नाही, पण यादी पाहिली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जात गणनेत वंचित म्हणून नोंदल्या गेलेल्या कुटुंबांनाच त्यात स्थान होते. त्या वेळी पक्के घर असणारा, नंतर मात्र सर्व काही गमावलेला मनुष्य यादीबाहेरच राहिला.

या पार्श्वभूमीवर अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने दोन दरवाजे उघडले. राज्य मंत्रिमंडळाने २८ जून २०२३ रोजी महात्मा फुले योजना सर्व नागरिकांना खुली करण्याचे व संरक्षणाची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांपर्यंत नेण्याचे ठरविले; १ जुलै २०२४ पासून ते प्रत्यक्षात आले. पांढरे कार्डधारकही त्यात आले. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तरीपुढील सर्वांना सामावून घेतले. साहजिकच प्रश्न पडतो की, राज्याच्या योजनेत प्रत्येक कुटुंब येत असताना महाराष्ट्रातील वृद्धांनी वेगळे कार्ड कशासाठी काढावे? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळेच अनेकांनी अजून हालचाल केलेली नाही.

पहिले कारण पैशांच्या वाटणीचे. कुटुंबाचे पाच लाख हे कुटुंबातील सर्वांचे मिळून वर्षाचे असतात. घरात सून बाळंतपणातील गुंतागुंतीने रुग्णालयात गेली, नातवाचा अपघात झाला, तर तेवढी रक्कम त्यातून वजा होते. अशा वेळी घरातील वृद्ध काय करतात हे आपण सर्व जाणतो. ते आपले दुखणे सांगतच नाहीत. वय वंदना कार्डाचे वैशिष्ट्य असे की, कुटुंब आधीपासून आयुष्मान योजनेत असले तरी सत्तरीपुढील सदस्यांसाठी वर्षाला आणखी पाच लाख रुपयांपर्यंतचे स्वतंत्र संरक्षण मिळते आणि ते घरातील तरुण सदस्यांबरोबर वाटून घ्यावे लागत नाही. जे कुटुंब पूर्वी आयुष्मान योजनेत नव्हते, त्यातील ज्येष्ठांनाही पाच लाखांचेच संरक्षण आहे. मात्र घरात पती-पत्नी दोघेही सत्तरीपुढील असतील तर ही रक्कम दोघांत मिळून आहे, प्रत्येकी नव्हे; याविषयी बरेच गैरसमज पसरले आहेत.

दुसरे कारण आपल्या सीमावर्ती भागाला विशेष लागू पडते. केंद्राचे कार्ड राज्याच्या हद्दीबाहेरही, योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयांत चालते. राजुरा, जिवती किंवा सिरोंचा येथील माणसाला नागपूरपेक्षा तेलंगणातील शहरे जवळची वाटतात. मुलगा कामानिमित्त हैदराबाद किंवा सुरतेस राहत असेल तर आईवडील तेथे असतानाही आजारी पडू शकतात. अशा वेळी हे कार्ड उपयोगी पडते.

केंद्र शासनाच्या अंदाजानुसार या निर्णयाने सुमारे साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठांना लाभ होणार होता आणि त्यासाठी सुरुवातीची तरतूद ३,४३७ कोटी रुपयांची होती. भागाकार केल्यास माणशी पावणेसहाशे रुपयांच्या आसपास पडतात. विम्याचे गणित असेच चालते, कारण सर्वजण एकाच वर्षी आजारी पडत नाहीत. तथापि हा आकडा वाचल्यावर रुग्णालयांना वेळेवर पैसे मिळतात की नाही, यावर नागरिकांनी लक्ष ठेवावयास हवे, असे मला वाटते. देयके थकली की रुग्णालये योजनेतील रुग्णास टाळू लागतात आणि त्याचा भार शेवटी खाटेची वाट पाहणाऱ्या वृद्धावर येतो.

आता निवृत्तांविषयी. भद्रावती हे आयुधनिर्माणीचे आणि कोळसा खाणींचे गाव. केंद्र शासनाच्या आरोग्य योजनेचा, म्हणजे सीजीएचएसचा, लाभ घेणारे निवृत्त कर्मचारी, तसेच माजी सैनिकांच्या ईसीएचएस योजनेचे सदस्य यांना एक निवड करावी लागते : आपली जुनी योजना किंवा वय वंदना कार्ड. दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत. अशा मंडळींनी केवळ शेजाऱ्याने कार्ड काढले म्हणून घाई करू नये. सीजीएचएसमध्ये बाह्यरुग्ण तपासणी आणि दरमहाची औषधे मिळतात, या कार्डावर ती मिळत नाहीत. याउलट खाजगी आरोग्यविमा किंवा कामगार राज्य विमा योजनेचे संरक्षण असणाऱ्यांना ते राखूनही हे कार्ड काढता येते. खाणींत आयुष्यभर ठेकेदाराकडे राबलेला आणि निवृत्तीनंतर हाती कोणतेच ओळखपत्र न उरलेला कामगार मात्र खऱ्या अर्थाने या निर्णयाचा लाभार्थी आहे. त्याच्या हाती निवृत्तिवेतनाचा कागद नाही, वैद्यकीय साहाय्य नाही. आहे ते केवळ वय.

आणि ते वयही आधारकार्डावर असेल तेच. ही बाब वाचकांनी नीट ध्यानात घ्यावी. पात्रता ठरते ती आधारवरील जन्मतारखेवरून. दुसरा कोणताही पुरावा येथे चालत नाही. आधार नोंदणीच्या वेळी अनेक वृद्धांचे वय नोंदणी करणाऱ्याने अंदाजाने घातले. चर्चच्या बाप्तिस्मा नोंदवहीत बहात्तर वर्षांची ठरणारी आजी आधारवर सहासष्ट वर्षांची असू शकते. अशा वेळी नोंदवहीचा उतारा घेऊन कार्ड काढावयास गेल्यास उपयोग होणार नाही. आधी आधार केंद्रावर जन्मतारीख दुरुस्त करावी लागेल आणि त्यासाठी जन्मदाखला, पारपत्र यांसारखी मान्यताप्राप्त कागदपत्रे लागतील. ही दुरुस्ती नेहमीच्या रीतीने एकदाच करता येते. म्हणून घाईघाईने चुकीची तारीख पुन्हा चढवून घेऊ नये.

कार्ड काढण्याची रीत कठीण नाही. आयुष्मान या नावाच्या मोबाइल अॅपवरून घरबसल्या, किंवा गावातील सामान्य सेवा केंद्रात, अथवा योजनेत सहभागी असलेल्या रुग्णालयातील कक्षात ते काढता येते. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक, बोटांचे ठसे, डोळ्यांची बुबुळे किंवा चेहरा, यांपैकी एका मार्गाने ओळख पटवावी लागते. जन्मभर धानाची रोवणी केलेल्या, तेंदूपत्ता तोडलेल्या हातांचे ठसे यंत्राला उमटत नाहीत, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. केंद्रावरील मुलगा ‘ठसा येत नाही, नंतर या’ म्हणाला की आजोबा परत फिरतात ते पुन्हा येत नाहीत. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय आहे, हे अशा वेळी सोबतच्या माणसाने आग्रहाने सांगावे. सोबत कोणी तरी असावेच. आणि कार्ड प्रकृती ठीक असतानाच काढून ठेवावे. अर्धांगाचा झटका आलेल्या माणसाला खाटेवर झोपवून त्याच्या आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक शोधत बसण्याची पाळी कोणावरही येऊ नये.

रुग्णालयात गेल्यावर प्रथम ‘आरोग्यमित्र’ या कर्मचाऱ्यास भेटावे. योजनेत सहभागी असलेल्या प्रत्येक रुग्णालयात तो असतो. कार्ड पाहून तो नोंदणी करतो, डॉक्टर उपचार निश्चित करतात आणि योजनेच्या कार्यालयाकडून पूर्वमंजुरी घेतली जाते. ठरलेल्या उपचाराचा दर शासनाने आधीच निश्चित केलेला असतो व त्यात औषधे, तपासण्या, खाट, जेवण यांचा समावेश असतो. दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस व घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस यांतील संबंधित तपासण्या व औषधेही त्यातच धरली जातात. मधुमेह, रक्तदाब, जुना हृदयविकार आधीपासून आहे म्हणून नकार देता येत नाही आणि खाजगी विम्याप्रमाणे दोन-तीन वर्षे थांबावेही लागत नाही. कार्ड मिळाल्या दिवसापासून संरक्षण लागू होते. मांडीचे हाड मोडणे, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, प्रोस्टेटची शस्त्रक्रिया, मोतीबिंदू, कर्करोग असे उतारवयातील बहुतेक मोठे उपचार यादीत आहेत. मंजूर उपचारासाठी ‘वरचे थोडे’ पैसे कोणी मागितल्यास ते देऊ नयेत. पावती मागावी व १४५५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

मात्र या कार्डाने काय मिळत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. रुग्णालयात दाखल न होता केलेली तपासणी आणि दरमहाच्या गोळ्या यात येत नाहीत. वार्धक्याचे दुखणे बहुधा याच गोळ्यांचे असते. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील पंचाहत्तर टक्के ज्येष्ठांना किमान एक दीर्घकालीन आजार असल्याचे आढळले. शस्त्रक्रियेसाठी पाच लाख आणि रक्तदाबाच्या गोळीसाठी शून्य, ही रचना मला तरी उलटी वाटते. गोळी वेळेवर मिळाली तर शस्त्रक्रियेची वेळच अनेकांवर येणार नाही. ही उणीव काही अंशी भरून काढणारा दुसरा निर्णय राज्यात आहे, पण त्याची चर्चा कमी होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत तपासणी आणि उपचार नि:शुल्क करण्यात आले. केसपेपरचे पैसेही नाहीत. भद्रावतीच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा वरोऱ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात रक्तदाब व मधुमेहाची नियमित तपासणी करून घेणे हे वय वंदना कार्डाइतकेच मोलाचे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे येतात. चंद्रपूरला जाताना हा फरक लक्षात ठेवावा.

चष्मा, कानाचे यंत्र, काठी, कंबरपट्टा, चाकाची खुर्ची अशा वस्तूंसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ मध्ये मंजूर झाली. पासष्ट वर्षांपुढील व दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना तीन हजार रुपये एकदाच बँक खात्यात, असे तिचे स्वरूप. ऐकू येत नाही म्हणून डॉक्टरांचे बोलणे न समजणाऱ्या माणसाला पाच लाखांच्या कार्डापेक्षा कानाचे यंत्र आधी लागते.

येथे एक गंमत दिसते. कायद्याने, म्हणजे २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह अधिनियमाने, साठ वर्षांचा माणूस ज्येष्ठ. राज्याच्या २०१८ च्या धोरणातही साठच. एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी पासष्ट. वयोश्रीसाठी पासष्ट. वय वंदनासाठी सत्तर. आणि २६ ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा मोफत प्रवास पंचाहत्तरीनंतर. एकच माणूस एका खिडकीवर म्हातारा असतो आणि दुसऱ्या खिडकीवर तरुण.

सत्तरीची ही रेषा आपल्या वनजिल्ह्यांना विशेष जाचक ठरते. गडचिरोलीत अनेक दशके कार्य करणारे डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्य तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल सादर केला. त्यात आदिवासींचे सरासरी आयुर्मान ६३.९ वर्षे, तर सर्वसाधारण लोकसंख्येचे ६७ वर्षे असल्याचे नमूद आहे. सरासरीत बालमृत्यूही धरलेले असतात, त्यामुळे चौसष्टाव्या वर्षी सर्वांचेच आयुष्य संपते असा त्याचा अर्थ नव्हे. तथापि रानावनात कष्ट केलेले शरीर साठीतच थकते आणि सत्तरी गाठणारे शहरांच्या तुलनेने थोडे असतात, हे नाकारता येत नाही. गरीब कुटुंबांना जुन्या योजनांचे छत्र आहे खरे. पण वृद्धांसाठीचा स्वतंत्र वाटा त्यांना दहा वर्षे उशिराने मिळतो. आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने मार्च २०२५ मध्ये ही वयोमर्यादा साठीवर आणावी आणि संरक्षण दहा लाखांपर्यंत वाढवावे अशी शिफारस केली. दोहोंपैकी एकच निवडावयाचे झाल्यास मी वयाची शिफारस निवडीन. आपल्याकडे पाच लाख अपुरे पडणाऱ्यांपेक्षा सत्तरीपर्यंत न पोहोचणारे अधिक आहेत.

राहिला प्रश्न अंतराचा. भद्रावतीहून चंद्रपूर पंचवीस-तीस किलोमीटर, महामार्गावर, बस वा रेल्वेने सुखाने जाता येते. भामरागडच्या वृद्धाला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचण्यासच दीडशेहून अधिक किलोमीटर काटावे लागतात, पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला तर तेही नाही. कार्डावर उपचार फुकट. परंतु सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, त्याचे जेवण, परतीची गाडी हे खर्च कोणत्याही यादीत नाहीत. या दृष्टीने पाहता पंचाहत्तरीनंतरचा एसटीचा मोफत प्रवास हीदेखील एक आरोग्य सवलतच आहे. रेल्वेने ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये बंद केली, तेव्हा नागपूरला नियमित उपचारास जाणाऱ्यांचा खर्च गुपचूप वाढला होता.

धर्मग्रामांच्या हाती यात एक काम निश्चित आहे. प्रत्येक धर्मग्रामाकडे कुटुंबनोंदणी असते. तीतून सत्तरीपुढील व्यक्तींची यादी एका संध्याकाळी तयार होऊ शकते. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा व वृद्धांसाठीचा जागतिक दिन सुरू केला. तो जुलैच्या चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतातच. त्याच सभागृहात दोन तरुण मोबाइल घेऊन बसले, तर मिस्सानंतरच्या दोन तासांत वीस-पंचवीस कार्डे निघतील. जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणाऱ्या धर्मभगिनींसोबत एखाद्याने जावे. ही सोय केवळ ख्रिस्ती कुटुंबांपुरती ठेवू नये. शेजारची आजी कोणत्या धर्माची आहे हे आधारचे यंत्रही विचारीत नाही.

येताना आधारकार्ड, आधारशी जोडलेला मोबाइल आणि असल्यास रेशनकार्ड आणावे. मोबाइल क्रमांक जोडलेला नसेल तरी यावे, चेहऱ्यावरून ओळख पटविता येते. राज्याच्या महात्मा फुले योजनेची माहिती १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या क्रमांकांवर आणि केंद्राच्या योजनेची १४५५५ वर मिळते. तीनही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून घरातील दिनदर्शिकेच्या मागे चिकटवून ठेवावेत, कारण वृद्धांच्या मोबाइलमधील क्रमांक ऐनवेळी कोणालाच सापडत नाहीत.